केळीच्या पाटात रोझलीन आंटी

पापडीला रोझलीन आंटीच्या वाडीत कोणी चाकांवरचं घर घेऊन आलं, की आंटी फाटकातच हात आडवा धरते आणि पहिला प्रश्न विचारते, "तुमचा संडास कुठाय?"

नाव नाही, गाव नाही, प्रवास कसा झाला नाही. पाहुण्यांना वाटतं, बाईंनाच घाई झालीय. एका सज्जन काकांनी तर गाडीचं दार उघडून "या ना, या, संकोच करू नका" असं म्हटलं होतं. आंटी गेली आत, सगळं बघून आली आणि म्हणाली, "बरा आहे. आता त्याची टाकी दाखवा."

आंटीचा आवाज ज्याला काढायचा असेल त्याने नळाखाली घागर लावावी आणि ऐकावं. सुरुवातीला खोल, जाड. मग भरत जाईल तसा वर वर चढत जाणारा. आणि शेवटी काठावरून सांडतं ते तिचं हसू. शेजारी राहून मी हे इतक्या वेळा ऐकलंय की आता घरात मी तसा आवाज काढला तर मम्मी आतून ओरडते, "रोझलीन, बस, चहा घेऊन जा."

तर संडासाच्या प्रश्नाची गोष्ट. ती समजायला आधी आंटीचं पाणी समजायला हवं.

आंटीच्या घरात पाणी एकदा वापरलं म्हणून सुटत नाही. तांदूळ धुतल्याचं कढीपत्त्याला, भांड्यांचं अळवाला, आणि अंघोळीचं मोरीतून थेट केळीच्या पाटात. पाट म्हणजे मातीत खणलेली हातभर रुंदीची नाली. ती एकेका केळीला पाजत पाजत वाडीच्या टोकापर्यंत जाते. तुम्ही अंगणात उभं राहून हात धुवायला लागलात तर आंटी म्हणणार, "जरा डावीकडे सरक, मिरची तिथे आहे." ही केळी राजेळी जातीची. ती उन्हात वाळवून आंटी सुकेळी करते, आणि आमच्या गल्लीतली अर्धी भांडणं त्या सुकेळ्यांवर मिटतात.

पाटाच्या टोकाला बावखल. वसईच्या वाड्यांमधून पूर्वी सगळीकडे असायची ही गोड्या पाण्याची तळी. विहिरीसारखी बांधलेली नाहीत, तलावाएवढी मोठी नाहीत. आमच्या गल्लीतली बाकीची बुजली, त्यांच्यावर बिल्डिंगा उभ्या आहेत. हे एक उरलंय, आणि ते आंटी आणि तिचा दीर ॲन्सेल्म अंकल यांचं सामाईक आहे. सामाईक म्हणजे आंटीला ठेवायचं आणि अंकलला बुजवायचं.

अंकल सावकाश बोलतात, दाढी करताना ओठ सांभाळावेत तसे. प्रत्येक वाक्याचं शेवटचं स्टेशन एकच. "आता बघा, मच्छर होतात. जागा अडते. प्रॅक्टिकल व्हायला पाहिजे, वयनी." आणि एके दिवशी न विचारता त्यांनी बावखलाच्या काठावर मुरुमाचा मोठा ढीग आणून ओतला. भरणीसाठी.

आंटी दुसऱ्या रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या पायरीवरच त्यांना गाठून म्हणाली, "ॲन्सेल्म, सगळ्यांसमोर सांगते. जोवर पाणी साफ आहे तोवर त्या ढिगातली मूठसुद्धा बावखलात पडता कामा नये. पाणी घाण झालं, तर मी स्वतः घमेलं उचलेन."

"शब्द?"

"शब्द."

सगळ्या गल्लीने ऐकलं. ढीग तसाच राहिला, काठावर बसून वाट बघत.

आता रायन. हा आंटीचा भाचा. आवाज मोबाईलच्या जाहिरातीसारखा, "आंटी, ट्रस्ट मी!" त्याने जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि तिचं घर केलं. आत पलंग, ओटा, शेगडी, बेसिन, पडदेसुद्धा. शनिवार-रविवार लोक ती भाड्याने घेणार आणि आंटीच्या वाडीत मुक्काम करणार. आंटीला त्याने सगळं फिरून दाखवलं. ओट्याला लागून एक अरुंद दार होतं.

"हे काय?"

"ते कपाट, आंटी."

रायनला आंटी माहीत होती. तिचा संडास घरापासून लांब, पेरूच्या झाडामागे. घरात बांधायला ती अजून तयार नाही. चुलीच्या शेजारी संडास ठेवलेली गाडी तिने फाटकाच्या आत घेतली नसती. म्हणून कपाट.

पहिले पाहुणे बोरिवलीचे अल्पेश आणि संजना. गोड माणसं. अल्पेश प्रत्येक वाक्याच्या आधी 'ॲक्च्युअली' लावतो, जसं काही आधीचं सगळं खोटं होतं. रविवारी सकाळी रायन पाचूबंदरला मासे आणायला गेला, आणि आंटी मिस्सावरून परत आली. अंगात पिस्ता रंगाचा नवा फ्रॉक, हातात पर्स. मी तिच्याबरोबर होते. अल्पेश गाडीपाशी उभा होता.

"आंटी, ॲक्च्युअली टाकी फुल झालीय. कुठे खाली करू?"

"पाणी आहे ना? मग विचारतोस काय! केळीच्या पाटात सोड."

"डायरेक्ट?"

"मग काय चमच्याने पाजतोस?"

अल्पेशने संजनाकडे पाहिलं. संजना हळूच म्हणाली, "ऑरगॅनिक आहे रे यांचं. खत होत असेल."

त्याने हातमोजे चढवले. आंटीने मला कोपर मारलं. "बघ, केवढा साफ मुलगा. पाणी ओतायला पण मोजे."

त्याने गाडीखाली जाडा पाइप जोडला, दुसरं टोक पाटात ठेवलं आणि दांडा ओढला. पाइप घुरघुरला, शिंकला, आणि पाटात पाणी आलं. निळं. गडद निळं.

आंटी खूश. "अगो, नीळ! पांढरे कपडे धुतले वाटतं."

मग वास आला. आधी औषधाच्या दुकानासारखा. त्याच्या मागोमाग दुसरा. आंटीचं नाक दोनदा हललं.

"अल्पेश. हे पाणी कुठलं?"

"टॉयलेटचं, आंटी."

"कुठल्या टॉयलेटचं?"

"गाडीतल्या."

"गाडीत टॉयलेट कुठाय?"

"ते काय, ओट्याच्या बाजूला."

घागर अजून रिकामी होती. मग एकदम भरली. "जेजू मारिया! शेगडीच्या शेजारी? आणि मी तिथे बसून चहा प्याले!"

पहिला धक्का चहाचा होता. दुसरा धक्का तिने खाली पाहिलं तेव्हा बसला. कारण आंटी थेंब वाया घालवत नाही. केळींना पाजून जे उरेल तेही फुकट जाऊ नये म्हणून पाटाचं शेवटचं तोंड तिने स्वतःच्या हाताने बावखलात उघडं ठेवलेलं होतं. आणि तो निळा पट्टा एकेक केळ मागे टाकत निघाला होता.

"बंद कर! बंद कर!"

अल्पेश दांड्यावर लटकला. "आंटी, ॲक्च्युअली अडकलाय!" ते रायनचं काम. ट्रस्ट मी.

पाटाचं तोंड बंद करणं वाडीतल्या माणसाला श्वासासारखं असतं. कुदळीने मातीचा एक गोळा ओढायचा, पायाने दाबायचा, झालं. पण कुदळ होती घराच्या पडवीत. आंटीने चपला फेकल्या, पर्स माझ्याकडे फेकली आणि पाटाच्या कडेने धावली. आंटीला धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. वाडीनेही नसावं, कारण कोंबड्या बाजूला झाल्या आणि नीट उभ्या राहून बघायला लागल्या. निळ्याच्या पुढे गेली, बावखलापासून चार हात अलीकडे थांबली, हातांनी माती ओढायला वाकली, माती सुकी, कडक. मग तिने दुसरा विचार केलाच नाही. फ्रॉक आवरला आणि पाटात बसली.

भरलेलं पोतं आडवं टाकावं तशी. दोन्ही बाजूंनी एक बोट फट नाही.

पाणी येऊन तिच्या पाठीला लागलं आणि थांबलं. मग चढायला लागलं.

"ॲन्सेल्म! ए ॲन्सेल्म! फावडं आण!"

अंकल त्यांच्या ओट्यावर पेपर वाचत होते. फावडं घेऊन आले, बर्म्युडातच. पाटात बसलेली वयनी पाहिली. तिच्या मागे साचलेलं निळं पाहिलं. पुढे बावखल पाहिलं. फावडं टेकवून उभे राहिले. त्यांनी काही करायची गरजच नव्हती. नुसतं उभं राहायचं होतं. थोडं पाणी आणखी चढलं असतं, आंटीला वळसा घालून गेलं असतं, आणि चर्चच्या पायरीवरचा शब्द आंटीला पाळावा लागला असता.

"वयनी, ऊठ तिथून."

"उठले तर तुझी बिल्डिंग उभी राहते. बोल, उठू?"

"आता बघा, वयनी, प्रॅक्टिकल…"

मी त्यांच्या तोंडून ते वाक्य शंभरदा ऐकलंय. अर्धवट राहिलेलं हे पहिलंच.

त्यांनी फावडं उचललं. जवळात जवळची भुसभुशीत माती कुठली? काठावरचा मुरूम. पहिलं फावडं आंटीच्या डाव्या बाजूला पडलं, दुसरं उजव्या. मग मी घमेलं आणलं, अल्पेशने बादली, आणि संजना गाडीतून फ्राइंग पॅन घेऊन आली. आंटी मधे बसून हुकूम सोडत होती. "इथे दाब! पायाने दाब, प्रेमाने काय दाबतेस! ॲन्सेल्म, माझ्यावर नाही, पाटात!"

बांध उभा राहिला, मग पाइपापाशी दुसरा, आणि शेवटी टाकीच रिकामी झाली. अंकलनी हात दिला तेव्हा आंटी उठली. पुढून पिस्ता, मागून निळी. हसायची कोणाची हिंमत नव्हती, सगळ्यांनी ओठ चावले होते. आंटीने मान वळवून मागे पाहिलं आणि तीच आधी सांडली. मग काय, कोंबड्यासुद्धा.

तेवढ्यात रायन आला, हातात बोंबलांची पिशवी. त्याने पाट पाहिला, आंटीचा फ्रॉक पाहिला, आणि आल्या पावली वळला.

"ये बाळा, ये," आंटी घागरीच्या तळातून म्हणाली. "जरा कपाट उघडून दाखव."

संडासाच्या टाक्या उपसणारा टँकर घेऊन जूचंद्रचा जयराम आला. त्याने पाइप निळ्या डबक्यात टाकला, आणि वासाने बाकी सगळे मागे सरकले तेव्हा तो मजेत उभा.

"वयनी, पानी कुठवर गेला व्हता?"

"माझ्यापर्यंत."

"मग बेस झाला. आता ही ओली माती पन खरवडून द्या. आनि गाडीच्या संडासान टाकतान तो निळा औषध तुमच्या संडासाच्या टाकीन नका टाकू. त्या टाकीन जे किडं असतान ना, तेच मैला खातान. औषधान ते मरतान, मग टाकी भरून वर येते." मग रायनकडे बघून, "जंतूंची पावडर मिलते, ती टाकाची. निळा नाय."

तो सगळं महापालिकेच्या मैलापाण्याच्या केंद्रावर घेऊन गेला. दुपारी अर्धी गल्ली बावखलाच्या काठावर जमली, शब्दाचं काय झालं ते बघायला. अंकलनी चप्पल काढली आणि बांधाच्या पलीकडची, बावखलाकडची माती अंगठ्याने दाबून पाहिली.

कोरडी.

"साफ आहे," ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग काठाकडे पाहिलं. "पण माझा मुरूम?"

"पाटात आहे," आंटी म्हणाली. "ने काढून. निळा आहे थोडा."

त्या पाटावरची केळी आंटीने त्या वर्षी कुणाला दिली नाहीत. घड उतरवले आणि खड्ड्यात पुरले. सुकेळी उन्हात घालायच्या दिवसांत ती त्या बाजूला फिरकायचीसुद्धा नाही. आणि गल्लीतली भांडणं त्या वर्षी जरा लांबली.

पण रायनची गाडी तिने हाकलली नाही. "चूक गाडीची नाही, पाटाची पण नाही. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस, त्या पोराने सरळ ओतलं." म्हणून आता फाटकातच विचारते.

गाड्यांच्या टाक्या खाली करायला आता बावखलापासून लांब, रस्त्याकडच्या कुंपणाला उताराचा सिमेंटचा चौथरा आहे. मधे झाकणाचं तोंड, तिथून पाइप थेट आंटीच्या संडासाच्या टाकीत. शेजारी एक नळ, त्याला लाल फडकं बांधलेलं. तो फक्त पाइप धुवायचा, त्याचं पाणी प्यायचं नाही. बोलते आंटी, पाहुणे उभे राहून ऐकतात, शाळेत प्रार्थनेला उभे असल्यासारखे. "निळं औषध असेल तर गाडी बाहेरच. मोजे घाल. आधी संडासाची टाकी, मग साबणाची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. मासळीचा टोप आधी धुतोस की नंतर? नंतर! का? कारण त्याचा वास बाकीच्यांना लागतो. इथे उलटं. का? कारण इथे पाइप एकच आहे. समजलं? नाही समजलं तरी तसंच कर." घरच्या मोरीतलं साबणाचं पाणीही आता सरळ केळीला जात नाही. ते खडी-वाळूच्या खड्ड्यातून, कर्दळीच्या मुळांतून गाळून जातं. आणि पाटाचं शेवटचं तोंड पक्कं बुजवलंय.

तो चौथरा अंकलनी बांधला. खालच्या भरणीला उरलासुरला मुरूम वापरला. संध्याकाळी आता ते बावखलाच्या काठावर खुर्ची टाकून बसतात, ढीग होता तिथेच. मच्छर चावतात, मारतात, पण उठत नाहीत.

गेल्या रविवारी आंटी मिस्साला गेलेली असताना एक गाडी आली. फाटकात अंकल होते. त्यांनी हात आडवा धरला. मी भिंतीपलीकडून ऐकत होते, आणि शपथेवर सांगते, आवाज तळातून निघाला आणि वर वर चढत गेला, थेट वयनीसारखा.

"तुमचा संडास कुठाय?"

गाडीतली बाई गोंधळली. अंकल सावकाश, ओठ सांभाळत म्हणाले, "लाजू नका. आता बघा, आतमध्ये आमचं बावखल आहे. प्रॅक्टिकल व्हायला पाहिजे."