डाव्या हाताची सायकल

दादा म्हणाला निळा, मी निळा मारला. मग म्हणाला, छे, हिरवा होता. मग परत निळाच. मी गोंदियाच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवते. 'दहा वेळा मोजा, एकदा कापा' असं वर्षभर पोरांच्या कानीकपाळी ओरडते. आणि इथे माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने एका सायकलच्या फ्रेमला माझ्याकडून तीनदा रंग मारून घेतला. शेवटी सीटखालचा पाइप खरवडून पाहिला. माझ्या रंगांखाली जुना निळा निघाला, आणि त्या निळ्याखाली हिरवा. म्हणजे दोन्ही खरं! आता रंगवू काय, कपाळ?

सायकल त्याची, तरुणपणीची. कोणाकडून तरी जुनीच घेतलेली रेसर. बारीक टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखा खाली वळलेला हँडल, गियरच्या दोन कांड्या खालच्या पाइपावर. तिरोड्याजवळच्या आमच्या गावाहून तो तिच्यावर बोदलकसा तलावापर्यंत जायचा आणि आई चहा टाकेपर्यंत दारात परत हजर. मला एकदाही बसू दिलं नाही त्याने तिच्यावर, मेल्याने. लग्नानंतर मोटरसायकल आली आणि रेसर गोठ्याच्या माळ्यावर गेली.

दोन वर्षांपूर्वी दादाला लकवा मारला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, काठी घेऊन चालतो. हात मात्र आलाच नाही. डोकं नि जीभ शाबूत. डॉक्टर म्हणाले, यांना घराबाहेर काढा, नाहीतर जे उरलंय तेही जाईल. पण तो सपरीतल्या, म्हणजे पुढच्या पडवीतल्या, खुर्चीवर बसला तो बसलाच. फाटकाबाहेर पाऊल म्हणून नाही. वहिनीने हात टेकले. मग मला वाटलं, रेसर काढू आणि डाव्या हाताची करू. सायकल हातात आली की हा माणूस फाटकाच्या आत राहूच शकणार नाही, असं माझं गणित. आणि गणितात मी कच्ची नाही, असंही मला तेव्हा वाटत होतं.

दर रविवारी स्कूटी काढून मी गावी जायला लागले. अंगणात पोतं अंथरून सगळी सायकल खोलली. बेअरिंगचे छर्रे डिझेलमध्ये बुडवले, जाम झालेली चेन कडी-कडी सोडवली. दादा सपरीतून बघायचा आणि उंटावरून शेळ्या हाकायचा. हा पाना नको, तो घे. ग्रीस जास्त झालं. मला बरं वाटायचं, कारण इतकं तर तो वहिनीशी आठवड्यात बोलत नव्हता. एका पट्टीने दोन्ही चाकांचे ब्रेक ओढले जातील असा डावा ब्रेक मी वर्कशॉपमध्ये कानशीने घासून घासून बनवला. गियरच्या कांड्या वर हँडलवर डावीकडे आणल्या. उजवं पाऊल घसरू नये म्हणून पॅडलला पट्टा शिवून घेतला. त्याने ब्रेक दाबून पाहिला आणि झकास म्हणाला. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

पुढच्या रविवारी म्हणाला, उजव्या बाजूलाही ब्रेक पाहिजे. आधी होता, मग आता का नको?

माझं डोकं सटकलं. ज्या हातात जीव नाही त्याला ब्रेक कायले पाहिजे, असं मी फाडकन बोलून गेले. वहिनी आत निघून गेली. दादा आपल्या मांडीवरच्या हाताकडे बघत राहिला. जीभ हासडून टाकावी असं वाटलं मला. घरी गेले, रात्री जेवले नाही, आणि पुढच्या रविवारी मुकाट्याने उजवा ब्रेक लावला, कुठेच न जोडलेला. तर म्हणतो, खोटा ब्रेक कशाला, काढ.

मग हँडल. वळलेल्या हँडलवर एका हाताने तोल जाईल म्हणून सरळ लावला, तर दूधवाल्याची सायकल केली म्हणे. परत वळलेला लावला, तर म्हणे यावर बसणार कोण, मी का तू? मागे आधाराला दोन छोटी चाकं लावू का विचारलं, त्या दिवशी जेवलाच नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला काही उमगेना. लकव्याने डोक्यावरही परिणाम झाला की काय, अशी शंका वहिनीने दबक्या आवाजात काढली आणि मलाही ती पटायला लागली. पण त्याच वेळी तो बसल्या जागेवरून गड्याला सांगत होता, धानाच्या कोणत्या बांधीत, कोणत्या तुकड्यात किती पाणी ठेवायचं नि कुठला बांध फुटायला आला आहे. त्यात एक चूक नाही. धानाच्या बाबतीत इतका पक्का माणूस सायकलच्या बाबतीतच असा का, ते कळेना. मीच काही चुकीचं करतेय का, तेही कळेना.

परवाच्या रविवारी सगळं झालं. वळलेला हँडल, डावा ब्रेक, हिरवा रंग. ब्रेक, चेन, सीट, सगळं तीनदा तपासलं. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. सायकल अंगणात उभी केली आणि दादाला म्हटलं, मी मागून धरते, फाटकापर्यंत तरी चल. तो बरं म्हणाला, काठी शोधायला लागला. तेवढ्यात शेजारचे काका फाटकात थांबले आणि कसं काय चाललंय, विचारलं.

"सायकल बनून राहिली," दादा म्हणाला. "बाकी हाये अजून."

काका मान डोलवून गेले. मी अशी पेटले की हातातला पाना खाली आपटला.

"काऊन खोटं बोलून राहिला, दादा? काय बाकी हाये?"

त्याने काठी शोधणं थांबवलं. मग म्हणाला, "बनून राहिली म्हणलं का लोकं सायकलीचं विचारतेत. झाली म्हणलं का माझं विचारतीन. आन मंग सायकलीवर बसा लागन."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. आयुष्यात मी त्याला कशाला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मला राग यायला हवा होता, डॉक्टरांचं बोलणं आठवायला हवं होतं, ते आठवलंही. आतून वहिनी विचारत होती, बसले का? मी खाली बसले, मागचं चाक उचललं आणि हाताने फिरवलं. रिंग वाकडी असली तर चाक फिरताना डावी-उजवीकडे डोलतं. मी बराच वेळ बघत राहिले.

"दादा," मी म्हटलं, "हे चाक डोलून राहिलं."

"हो ना," तो म्हणाला. "मलेही तसंच दिसून राहिलं."

चाक एकदम सरळ होतं.