कडू निघालेला कंद

मंडईच्या मागच्या दारापाशी पालेभाजीची गाडी लावणाऱ्या बाईला सगळे पालामावशी म्हणत. शेवगा, अळू, केळफूल, अंबाडीची लाल बोंडं, गवती चहा असलं सगळं तिच्याकडे मिळे, आणि सोबत फुकटचा सल्लाही. अळूत आंबट का घालायचं, अंबाडीची बोंडं वाळवून चहा कसा करायचा, हे ती जुड्या बांधता बांधता सांगे. या चहानं साखर उतरते का, असं कुणी विचारलं तर म्हणे, तरतरी येते एवढं मला माहीत, बाकीचं डॉक्टरला विचार. तिच्या तोंडून थाप कधी कुणी ऐकली नव्हती.

ज्याचा साबुदाणा करतात त्या साबुकंदाच्या बाबतीत तर ती फारच काटेकोर. हा कंद दोन जातींचा. गोडा नुसता उकडून खाता येतो. कडवा मात्र किसून, भिजवून, पिळून त्याचं विष काढावं लागतं. दिसायला दोघे सख्खे भाऊ. म्हणून पोतं आलं की मावशी तीन-चार कंदांचा कच्चा तुकडा जिभेवर टेकवून थुंके, मगच माल मांडी.

त्या आठवड्यात तापानं तिच्या तोंडाची चवच गेली होती. तिनं तुकडा चाखला, काही लागलं नाही, आणि नेहमीच्या माणसाचा माल म्हणून कंद मांडला. दुपारी धाकट्या जावेनं घरी तो उकडला, एक घास तोंडात घालून थुंकला आणि तशीच गाडीवर आली.

"ताई, कंद कडूजहर आहे."

मावशीनं मनात मोजलं. सहा जणांनी नेला होता. जावेला गाडीपाशी बसवून ती निघाली. नावं कुणाचीच ठाऊक नव्हती, पण कोण कुठं काम करतो हे बोलण्याबोलण्यातून तिला माहीत असे. शाळेतल्या बाईंना तिनं वर्गाच्या दाराशी बोलावलं, शिंप्याला दुकानात गाठलं. तो म्हणाला, माल घ्या म्हणून मागं लागणारे पुष्कळ पाहिले, परत द्या म्हणणारी तूच पहिली. तिला हसायला सवड नव्हती. पाच जणांचा कंद पदरात आला.

सहावी पोरगी नवखी होती. वडिलांच्या घशासाठी गवती चहा मागताना तिच्या नखांत काळी शाई दिसली होती, एवढीच खूण. मावशी छापखान्यांच्या गल्लीत शिरली आणि तिसऱ्या छापखान्यात ती सापडली. ऐकताच पोरीचा चेहरा उतरला. जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन तिनं बाबांना कंद उकडून दिला होता, आणि दुखण्यानं तोंडाला चव नसल्यामुळं त्यांनी तो खाल्लाही होता. दोघी धावत घरी पोचल्या तेव्हा म्हातारा कॉटवर पडून ओकत होता, मान धरवत नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं, तेव्हा पोरीच्या आधी मावशीच बोलली. "माझ्या गाडीवरचा साबुकंद. कडवा होता, मला ओळखता आला नाही."

डॉक्टरांना कारण शोधत बसावं लागलं नाही. उपचार लगेच सुरू झाले. तिसऱ्या दिवशी म्हातारा आपल्या पायांनी घरी आला.

बातमी मात्र मंडईभर झाली. काही गिऱ्हाइकं समोरून मान वळवून जाऊ लागली. मावशीनं कुणाला अडवून आपली बाजू मांडली नाही. पंधरवड्यानं छापखान्यातली पोरगी गाडीपाशी आली, तशी मावशी उठून उभी राहिली.

"तुम्ही आला नसता तर मी संध्याकाळपर्यंत मशिनीवरच असते," पोरगी म्हणाली. मग तिनं आपलं काम काढलं. छापखान्यात कागदाच्या पट्ट्या उरतात, त्यांवर एकेक भाजी कशी करायची ते छापू आणि गिऱ्हाइकांना भाजीसोबत देऊ, तुम्ही सांगा.

मावशीला लिहिता येत नव्हतं, पण सांगायला बसली ती दुपारभर उठली नाही. साबुकंदाची पाळी आली तेव्हा पोरगी दोन ओळींत उरकून पुढं निघाली. मावशीनं तिचा हात धरला.

"आणखी लिही. कच्चा तुकडा जिभेला लावून थुंका, कडू लागला तर उकडून खाऊ नका. पालामावशीलाही एकदा ओळखता आला नव्हता."

"हे शेवटचं कशाला, मावशी?"

"त्याशिवाय लोक चाखून बघणार नाहीत," मावशी म्हणाली, आणि केळफूल कसं सोलायचं ते सांगू लागली.