जॉबकार्डावर नसलेली तक्रार

अन्याय झाला तो माझ्या मावशीवर, गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. वेळ मला नेमकी माहीत आहे, कारण ती सर्व्हिस सेंटरच्या कागदावर छापलेली आहे. त्या कागदावरची खरी गोष्ट तेवढीच.

काउंटरमागचा सर्व्हिस ॲडव्हायझर स्क्रीनकडे बघत तिला म्हणाला, "मॅडम, सिस्टममध्ये तर तुमची एकपण कंप्लेंट नाहीये." मावशी रजा काढून, त्याच तक्रारीसाठी, त्याच काउंटरवर, चौथ्यांदा उभी होती. वॉरंटी संपायला एकोणीस दिवस राहिले होते.

मावशी सोयगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. घर इथं शहरात, गारखेड्यात. सोमवारी भल्या सकाळी निघायचं, आठवडाभर तिकडं खोली करून राहायचं, शनिवारी शाळा सुटली की परत. दोनदा बस बदलायला कंटाळून ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली आणि नवीकोरी गाडी घेतली. शाळेतल्या दोघी शिक्षिका शनिवारी तिच्याबरोबर येतात.

गाडीचं दुखणं असं: फर्दापूरहून अजिंठ्याचा घाट चढताना, तिघी बसलेल्या, एसी चालू, आणि इंजिन अचानक बंद. स्टेअरिंग दगडासारखं जड. मागं ट्रक. असं चार वेळा झालं. काका, म्हणजे मावशीचे यजमान, म्हणाले, "विकून टाक. बसनं जात होतीस तेच बरं होतं." मावशीला गाडी विकायची नव्हती. पण घाटात ती चालवायचीही आता भीती वाटायला लागली होती.

सर्व्हिस सेंटरवाले काय करायचे? गाडी ठेवून घ्यायचे, एक माणूस ती रिकामी गाडी जालना रोडवर सपाटीला फिरवून आणायचा, पुसून परत द्यायचा. वर सल्ला. "मॅडम, हाफ क्लचची सवय आहे का? लेडीज लोकांचं होतं जरा असं."

मला राग आला हे खरं. पण त्याआधी मी काय केलं तेही लिहिते. त्या गुरुवारी संध्याकाळी मी तिच्या घरी गेले आणि पहिला प्रश्न विचारला, "मावशे, तू गिअर वेळेवर टाकतेस ना गं?" ती उठून आत गेली आणि कुकर लावला. पाण्यासाठी, बसभाड्यासाठी पत्रकं वाटत फिरणारी मी, आणि ॲडव्हायझरचा प्रश्न मीच तिच्या घरात नेला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही गुलमंडीच्या मागं एका चाचांच्या गॅरेजवर गेलो. माझा त्यांच्यावरही संशय होता. म्हटलं, हे आता बॉनेट उघडणार आणि दहा दुखणी काढणार. चाचांनी बॉनेटला हातही लावला नाही.

"बेटी, मैं खोलूँगा तो कंपनीवाले बोलेंगे, बाहर खुलवाया, वॉरंटी खतम. मेरे को ये पाप नक्को." मग मावशीकडं वळून म्हणाले, "बाई, कागद कुठंत? त्यांनी लिहून काय दिलं?"

कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात होते. चार जॉबकार्डं, म्हणजे गाडी देताना सही करून घेतात ते कागद, चारही न उघडलेली. चाचांच्या स्टुलावर बसून मी ती वाचली. सगळी इंग्रजीत. पहिल्यावर 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात: नियमित सर्व्हिस. दुसऱ्यावर: जनरल चेकअप. तिसऱ्यावर: ग्राहकाला क्लचचा वापर समजावून सांगितला. चौथ्यावर, म्हणजे आदल्या दिवशीच्या: तक्रार नाही. घाट नाही, इंजिन नाही, स्टेअरिंग नाही. आणि प्रत्येकाखाली मावशीची गोल, वळणदार सही.

"तू वाचलं नाहीस?" मी ओरडलेच. "पोरांच्या वहीतली एक वेलांटी सोडत नाहीस तू!"

"अगं, तो पोरगा समोर बसलेला, चहा मागवलेला. त्याच्यासमोर कागद वाचायचा म्हंजे त्याला चोर म्हटल्यासारखं होतं."

चाचा हसले. "अच्छे लोगों की यहीच बीमारी."

हा नुसता निष्काळजीपणा होता असं मला कुणी सांगू नये. एकदा चुकतं. चार वेळा, एकाच दिशेनं? वॉरंटी संपल्यावर हीच चार कार्डं ते समोर ठेवणार होते: बघा मॅडम, तुम्ही तर कधी तक्रारच केली नाही.

शनिवारी मावशीनं रजा वाढवली आणि आम्ही पुन्हा त्याच काउंटरवर गेलो. शाळेत तपासणीच्या दिवशी तिचा चेहरा असतो, अगदी तसा होता. ॲडव्हायझरनं टाइप केलं आणि सहीसाठी टॅब पुढं सरकवला. मावशीनं चष्मा लावला. तो चहा मागवायला लागला. ती म्हणाली, "चहा नको. थांबा, वाचू द्या."

वाचलं. "पिकअपचा प्रॉब्लेम? हे मी म्हणाले नाय."

"मॅडम, सेमच असतं ते."

"सेम नसतं. लिहा, मी सांगते." आणि तिनं चौथीच्या वर्गाला सांगावं तसं श्रुतलेखन घातलं, एकेक शब्द सुटा करून: "तीन माणसं. एसी चालू. घाट चढताना. चालती गाडी. बंद पडते. स्टेअरिंग जड होतं. चार वेळा झालं. पुढं चारही वेळच्या तारखा लिहा."

"एवढं त्या रकान्यात बसत नाही, मॅडम."

"मग खाली हातानं लिहा. शिक्का मारा."

मागं सोफ्यावर बसलेला एक माणूस खो खो हसला. मग हसता हसता थांबला, उठून शेजारच्या काउंटरवर गेला आणि म्हणाला, "भाऊ, माझ्या कार्डावर काय लिहिलंय ते दाखवा जरा."

चौथ्यांदा लिहिल्यावर मजकूर बरोबर आला. तेव्हाच मावशीनं सही केली. मग मॅनेजर बाहेर आले, आणि त्यांनी गाडी ट्रायलला नेताना आत मावशी, मी आणि ॲडव्हायझर असे तिघं बसवले. उड्डाणपुलाच्या चढावर काही झालं नाही. ॲडव्हायझरनं माझ्याकडं बघितलं. मावशी म्हणाली, "हा घाट नाय. गाडी ठेवून घ्या, आणि घाटात नेऊन बघा."

वॉरंटी गेल्या मंगळवारी संपली. पण तक्रार त्याच्या आधीची आहे आणि ती लिहिलेली आहे, म्हणून गाडी अजून त्यांच्या शेडमध्ये आहे. घाटात नेली होती, बंद पडली, असं ते आता फोनवर कबूल करतात. पार्ट येतोय म्हणतात. कोणता, ते सांगत नाहीत. मी म्हटलं, हेही लिहून पाठवा. अजून पाठवलेलं नाही. मावशी सध्या बसनं जाते आणि रोज एकदा फोन करून विचारते, "लिहून आलं का?"

आता तुम्ही. गाडी तुमची असो, वडलांची असो, उठा आणि डॅशबोर्डचा कप्पा उघडा. सगळी जॉबकार्डं काढा. तक्रारीच्या रकान्यात तुम्ही जे बोललात तेच आहे का, ते वाचा. नसेल तर वॉरंटी संपायच्या आत काउंटरवर जा आणि तुमचं वाक्य तुमच्यासमोर लिहून घ्या. तोवर सही करू नका.