न लिंपलेली भिंत

सिकुधानीला कामावर घेताना कुणीतरी विचारलं होतं, "डासांची भीती वाटते का गं?" ती म्हणाली, "नाही. साहेबांची वाटते." ती भीतीही कधीच गेली. एकोणीस वर्षं मी मलेरिया कचेरीची गाडी हाकतोय, तिच्याइतकं तोंडावर बोलणारं माणूस तिथे दुसरं पाहिलं नाही.

काम काय, तर घरांत आतून भिंतींवर मलेरियाच्या डासांचं औषध फवारलं, की ते अजून मारतंय का हे दर महिन्याला बघायचं. पेल्याचं तोंड भिंतीला चिकटवायचं, नळीने दहा डास अलगद ओढून बुडाच्या भोकातून आत सोडायचे. अर्ध्या तासाने काढून साखरपाण्यावर ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी मेलेले मोजायचे. आठ तरी मेलेच पाहिजेत. डास कचेरीतच वाढवलेले. एखादा निसटला की सिकुधानी म्हणायची, "उनाड कार्टं!"

यंदा फवारणीनंतर पाचव्याच महिन्यात म्तोनी गावच्या दहापैकी सात घरांत दोन-दोनच मेले. महिन्याभरात मोठा पाऊस येणार, मग भातखाचरांत पाणी आणि घरोघर ताप. त्याआधी पुन्हा फवारणी हवीच होती.

कचेरीचे मुख्य डॉक्टर म्वाकालिंगा साहेबांनी कागद बघून नाक मुरडलं. औषध त्यांनीच निवडलेलं, डब्यावर आठ महिने टिकेल असं छापलेलं. "बायांनी भिंती लिंपल्या असणार. औषधावर माती बसली की डास कसे मरतील? तसंच लिही."

आता खोटं कशाला बोलू, पाहुणे यायचे म्हटलं की आमच्या बाया लाल मातीने भिंती लिंपतातच. म्हणून तर साहेबांना आयतं निमित्त सापडलं.

"मी हात लावून पाहिलंय, डॉक्टर. लिंपण नाही."

"तू डास मोज. कारणं मी बघतो."

वा रे वा! कधी गावात पाऊल टाकायचं नाही, आणि म्हणे कारणं मी बघतो!

"मग चला की," सिकुधानी म्हणाली. "भिंत काही पळून जात नाही."

तिने त्यांना थेट बीबी म्वानाहामिसीच्या घरी नेलं. बीबी म्हणजे गावाची आजीच. सिकुधानी दारातच नमस्काराला वाकली. "शिकामू, बीबी."

"मारहाबा, पोरी. ये."

साहेब नमस्कार ना चमत्कार, बुटांसकट आत. भिंतीवर बोट नाचवत म्हणाले, "कधी लिंपलीत ही, आजीबाई?"

म्हातारी ताडकन उठली. "जीभ कशी रेटली तुझी? माझ्या नातवाला, सेफूला जाऊन तीन आठवडे झालेत. चाळिसाव्याची प्रार्थना झाल्याशिवाय दुखवट्याच्या घराला मातीचा हात लागतो का कधी?"

पण हेका सोडतील तर साहेब कसले! "त्याच्या आधी लिंपली असेल."

सिकुधानीने त्यांची बाही धरली आणि त्यांना खाली बसवलं. भिंतीवर, नातवाचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर, कोळशाने कोंबडी काढलेली होती. तिला तीन पाय. आणि त्या कोळशावर फवाऱ्याचा पांढरट थर, जसाच्या तसा.

"पोराने आधी कोंबडी काढली, मग आपण फवारलं," ती म्हणाली. "लिंपण कुठंय, दाखवा. औषध मेलंय, डॉक्टर. तापाने पोर गेलं ते याच खोलीत."

साहेब उठले. "हे घर यादीतून काढून टाक."

"काढा! पोर गेलंच आहे, आता भिंतही काढा!" सिकुधानीचा आवाज फाटला. तिने कागद पुढे केला. "औषध संपलं, पुन्हा फवारा. एवढं लिहा आणि सही करा."

ते माझ्याकडे वळले. "गाडी काढ."

मी किल्ली खिशात टाकली. "सही झाली की काढतो, साहेब."

दारात बाया जमल्या होत्या. सही झाली. पावसाच्या चार दिवस आधी म्तोनीत दुसरं औषध फवारलं गेलं.

सिकुधानीला बक्षीस काय मिळालं? भिंतीवरून उचलून मोरीवर बसवली! आता ती कचेरीत पेले विसळते, आणि साहेब बाहेरच्या पाहुण्यांना म्तोनीची गोष्ट स्वतःची म्हणून सांगतात. मी चहा घेऊन आत गेलो, तेव्हा या कानांनी ऐकलंय. ट्रे आपटून बाहेर आलो.

चाळिसाव्याला आम्ही दोघं बीबीकडे गेलो. प्रार्थना झाली, बाया लाल मातीच्या पाट्या घेऊन आल्या. बीबीने त्यांना तीन भिंती लिंपू दिल्या. चौथीपुढे, त्या कोंबडीच्या भिंतीपुढे मात्र ती पाय पसरून बसली.

"हिला नको," ती म्हणाली. "हिच्यावर औषध आहे."