बंद भट्टीचा रविवार

रविवारी गावात कोंबड्यासुद्धा दबकत चालतात. दुकानांना कुलपं, होड्या वाळूत पालथ्या, पोरांचा चेंडू आजीच्या पलंगाखाली. समुद्रात कुणी पाय भिजवताना दिसलं, की पोलीस नुसता लांब उभा राहून खाकरतो, तेवढं पुरतं. हा दिवस पवित्र, यात खरेदी-विक्री नाही, खेळ नाही, काम नाही, असं टोंगा या बेटांच्या देशाच्या घटनेतच लिहिलेलं आहे. सूट मिळाली ती पावाच्या भट्टीला. कोणे एके वर्षी मोठ्या वादळानं घरं आणि सुरणाची शेतं आडवी केली, तेव्हा लोकांच्या पोटासाठी दिली होती. वादळ गेलं, सूट राहिली आणि ती लोसालिनेच्या खांद्यावर बसली.

सकाळच्या प्रार्थनेनंतर गाव अळूच्या पानांत, नारळाच्या दुधात शिजलेलं मटण जेवतं आणि चटयांवर आडवं होतं. घराघरांतून घोरणं ऐकू येतं. लोसालिने त्या वेळी मैदा मळत असते. उन्हं उतरली की गाव उठतं, तोंड धुतं आणि ताज्या पावासाठी तिच्या दारात येतं. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा होते तेव्हा ती पाव कागदात गुंडाळत असते. लग्नाआधी ती चर्चच्या गायकमंडळात, बाकीचे चाल गात तेव्हा, खालचा सूर धरायची. मग नवऱ्याची भट्टी आली, नवरा गेला, भट्टी राहिली.

गायकमंडळ चालवणारे पेनिसिमानी काका आता मुलीकडे ऑकलंडला निघाले होते, कायमचे. हा त्यांचा इथला शेवटचा रविवार. गेल्या आठवड्यात ते भट्टीवर येऊन म्हणाले होते, "लोसालिने, संध्याकाळी एकदा येऊन उभी राहा. खालचा सूर तुझ्याच तोंडून ऐकून जातो."

"येते काका," ती म्हणाली होती. तेव्हापासून मळताना, लाकडं रचताना ती तो सूर घोळवत होती.

गावाला मात्र तिनं सांगितलं नव्हतं. शनिवारी ज्यानं त्यानं विचारलं, "उद्या पाव आहे ना?" आणि ती "बघू" म्हणाली. इथे तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. 'बघू' म्हटलं की समोरचा समजून घेतो. पण लोसालिनेच्या 'बघू'नंतर आजवर पाव निघाला नाही असं झालंच नव्हतं.

त्यामुळे रविवारी संध्याकाळी पांढरा झगा घालून, चर्चला जाताना नेसतात तशी कमरेला चटई गुंडाळून तिनं दार उघडलं, तेव्हा समोर गवतावर अख्खं गाव बसलेलं होतं. कुणी दार वाजवलं नव्हतं. बंद दुकानाचं दार रविवारी वाजवणं म्हणजे व्यापाराला हाक मारणं. ते पाप कोण घेणार?

"अगं, सजलीस की!" शेजारची वाइसीमा आजी म्हणाली. "धूर का नाही दिसत?"

"आज भट्टी नाही लावली, आजी. गायला चाललेय."

"कोण, तू?"

"काकांचा शेवटचा रविवार आहे."

कुणीतरी मागून कण्हल्यासारखं म्हणालं, "आणि आमचं पोट?"

"तुझं पोट दुपारी अर्धं डुक्कर खाऊन झोपलं होतं, मी पाहिलंय," आजी खेकसली आणि गुडघ्यावर हात रोवून उठली. "चला, आता चर्चमध्येच जाऊ. कधी नव्हे ते पाद्रीबाबांना संध्याकाळी माणसं दिसू देत."

चर्च भरलं. पाद्रीबाबा हरखले आणि प्रवचन लांबलं. लोसालिनेला खिडकीशी जागा मिळाली. वारा येत होता. हातात काही नव्हतं. मांडीवर हात नुसते पडून राहू शकतात हेच ती विसरून गेली होती. एक श्वासभर तिनं डोळे मिटले.

उघडले तेव्हा लोक पंखे मिटून उठत होते.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं," वाइसीमा आजी म्हणाली. "मी कोपर मारणारच होते. पण काकांनी समोरूनच माझ्यावर डोळे वटारले आणि सगळ्यांना हात खाली करून दाखवला, हळू म्हणा म्हणून. हळू गाऊन घसा बसला बाई माझा! आपल्याला कुठली सवय?"

लोसालिनेचा चेहरा उतरला. समोरून पेनिसिमानी काका आले आणि तिच्या बाकावर टेकले.

"काका, एवढंच मागितलं होतंत तुम्ही."

"झोप लागली?"

"लागली."

"बरं झालं. आता म्हण."

"एकटीनं? खालचा सूर नुसता कसा ऐकवू? त्यात चाल कुठे असते?"

"बाकीचं मला पाठ आहे. तू तुझं म्हण."

तिनं म्हटलं. आवाज आधी फाटला, मैद्यानं भरल्यासारखा. मग बसत बसत जागेवर आला. काका बाकाच्या कडेवर बोटानं ताल देत होते. वरचे सूर ते मनात लावत असावेत, कारण मध्येच जिथे तिला काहीच म्हणायचं नव्हतं, तिथे त्यांचं बोट चालू राहिलं आणि ती थांबून राहिली.

बाहेर गवतावर लोक अजून रेंगाळत होते.

"आता तरी लावेल का गं भट्टी?" कुणीतरी विचारलं.

"शू," आजीचा आवाज आला. "ती गातेय."