साच्यावर मारलेलं पाणी

दत्तू गेल्याचं मला नांदूरघाटच्या बाजारात कळलं, वांगी घेताना. वजन करता करता माळीण सहज म्हणाली, तुमचा विमानवाला पहाटेच गेला म्हणं. पिशवी तिथंच ठेवून निघालो. पोचलो तवा माणसं स्मशानातून परत फिरली होती... महिना झाला. मी चौथी शिकलेला गवंडी. भिंत सांगा, ओळंब्यात उभी करतो. लिहिणं माझं काम नाही. पण हे दुसऱ्याकडून लिहवून घेण्यासारखं नाही.

दत्तू सहकारी साखर कारखान्यात फिटर होता. गळक्या टाक्यांना काचेचं कापड आणि रेझिन लावून ठिगळ मारावं ते त्यानंच. दुष्काळात ऊसच नव्हता, गाळप बंद पडलं आणि हा घरी बसला. बसला कसला, रिमोटवर उडणारं विमान करायला लागला. गावचा तलाव तळापर्यंत आटलेला. माणसं त्याच्याकडं बघून हळहळायची, अन् हा म्हणायचा, "एवढी सपाट धावपट्टी औरंगाबादलाबी न्हाई बे." लोक हसायचे. मीही हसलो, आणि मग त्याच्याच नादाला लागलो. विमानाचं धड त्यानं आधी लिंबाच्या लाकडात कोरलं, माशासारखं. त्यावरून प्लास्टरचा दोन फाकांचा साचा ओतायचं काम माझ्याकडं दिलं. रेझिन कडक व्हावं म्हणून त्यात हार्डनर मिसळायचं, त्यात काचेचं कापड भिजवून साच्यात बसवायचं, ते कडक झालं की हलकं, पोकळ धड बाहेर निघतं. साचा मी असा गुळगुळीत काढला की दत्तूनं त्याला गाल लावून बघितला. मग तो इंजिन आणायला पुण्याला गेला. जाताना बजावून गेला, पंधरा दिवस नुसता वाळू दे, हात लावू नको.

आता मला कोणी शिकवावं? जन्म सिमेंटात गेलेला. पाणी न मारता काम पक्कं होतं, हे माझ्या बुद्धीला पटेना. टँकर चार दिवसांनी यायचा, माणशी दोन घागरी. त्यातलं माझ्या वाटणीचं मी रोज तांब्या-तांब्यानं साच्यावर मारलं, वर ओलं पोतं टाकलं. तो यायच्या दिवशी सकाळी पोतं काढलं. वरून साचा कोरडाच दिसत होता.

दत्तूनं मेण लावलं, कापड बसवलं. दुसऱ्या दिवशी धड काढताना बघायला निम्मा गाव जमला. निघेना. आत रेझिन चिकट राहिलेलं. शेवटी साचा फोडला, त्याबरोबर धडही फाटलं. कावून झालं रे असं, म्हणून कोणी तरी विचारलं. दत्तूनं साच्याचा एक तुकडा उचलला, मुठीत दाबला, तळहात ओला झाला. त्या ओलीनंच रेझिन आळलं नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं... आणि सगळ्यांना म्हणाला, "हार्डनर कमी पडलं. माझंच चुकलं."

त्या दिवसापासून गावानं त्याला 'कच्चा फिटर' नाव ठेवलं. गाळप सुरू झालं तसं ते कारखान्यातही पोचलं. दुसरा साचा मी उन्हात खडखडीत वाळवला, त्यातलं विमान उडालं, कोरड्या तलावावर दोन घिरट्या घालून चाकांवर उतरलं. तरी नाव काही सुटलं नाही. तो त्या नावाला ओ द्यायचा. मी मात्र कोणी तशी हाक मारली की उठून जायचो. तोंड उघडलं नाही ते नाहीच.

तेरावं झाल्यावर एका सकाळी त्याच्या घरी गेलो आणि वहिनींना सगळं सांगून टाकलं. त्या ज्वारी निवडत होत्या. हात थांबला नाही.

"मला ठाव हाय भाऊजी. त्याच दिशी सांगितलं त्यांनी. म्हणले, येड्यानं सोताच्या पिण्याचं पाणी वतलंय माझ्या इमानापायी. त्याला काय बोलू?"

त्यांच्या ओसरीत ते विमान आढ्याला टांगलंय. पंखा लावला की हळूच वळतं. वहिनींना ठाऊक होतं. गावाला नाही, कारखान्याला नाही. तर सगळ्यांनी नीट वाचावं. हार्डनर बरोबर होतं. पाणी मी मारलं.