निर्मळ डबी

तांब्या राखेनं दोनदा घासल्याशिवाय लिलाबाई कुणाला पाणी देत नसे. मजुरीवरून कितीही दमून आली, तरी अंगण झाडल्याशिवाय बाई टेकायची नाही. माले गावात तिच्या निर्मळपणाचं नाव होतं.

खोकला हटेना, तेव्हा तिनं आपण होऊन ताट वेगळं केलं आणि कुशीत झोपणाऱ्या नातीला, किमयाला, सुनेकडं धाडलं. मग गावची आशाताई, हेमलता, टीबीच्या तपासणीसाठी डबी देऊन गेली. "सकाळी खोकून बेडका ह्यात काढा," एवढंच म्हणाली. बेडकाच का, हे सांगायला वेळ कुणाला होता?

लिलाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिकल्यासवरल्या बाईच्या हातात असली घाण द्यायची? सकाळी ती घरामागं जाऊन सगळा बेडका टाकून आली, मिश्रीनं दात घासले, खळाखळा चुळा भरल्या आणि मग पाण्यासारखी स्वच्छ थुंकी डबीत दिली. यंत्र बिचारं इमानी. जे दिलं तेच त्यानं तपासलं. टीबी नाही म्हटल्यावर लिलाबाईनं किमयाला परत गोधडीत घेतलं.

पुढं तिच्या खोकल्यातून रक्त पडलं, छातीच्या फोटोत टीबी दिसला, गोळ्या सुरू झाल्या. तोवर नातही खोकू लागली होती.

आज हेमलता किमयासाठी डबी घेऊन आली. पोरीला उबळ आली तशी ती लाजून घरामागं पळू लागली. लिलाबाईनं तिचा दंड धरला आणि डबी तिच्या तोंडाशी नेली.

"हितंच थुंक, बाय. समदी घाण दे. आजीवानी लाजू नगं."